राऊटरचा झगा

कुमुदमावशीच्या घरात उघडी वस्तू सापडायची नाही. मिक्सर, फ्रिज, शिवणयंत्र, गॅसची टाकी, इतकंच काय, टीव्हीचा रिमोटसुद्धा तिने शिवलेल्या कव्हरात असायचा. घरी इंटरनेट आलं, त्याच आठवड्यात राऊटरलाही झगा शिवून झाला. काकांनी हयात असताना तिच्यासाठी आणलेली आणि तिला कधीच न आवडलेली जांभळी साडी त्यासाठी कापली होती. खाली झालर, कडेला पायपिंग आणि वर दोन अँटेना बाहेर निघायला दोन काजं. धूळ बसते म्हणून झाकतेस का, असं कुणी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं होतं. "देवाने एकच गोष्ट झाकायची म्हणून दिली, माणसाचं तोंड. लोक नेमकं तेच उघडं टाकतात."

स्वतःचं तोंड तिने कधी झाकलं नाही. मुलींच्या शाळेत ती भूगोल शिकवायची आणि तिच्या जिभेची दहशत तिच्या छडीपेक्षा जास्त होती. निवृत्त झाल्यावर ती दहशत इंदिरानगरातल्या तिच्या इमारतीच्या वाट्याला आली. शेजारच्या बाई नवऱ्याच्या स्वभावाबद्दल रडायला आल्या, तर तिने त्यांना पाणी दिलं आणि सांगितलं की लग्नाला मी आले होते, तेव्हाच मला कळलं होतं, तुम्हाला एवढी वर्षं लागली. मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते, म्हणून माझं नाव तिने वाळवी ठेवलं होतं. माझी आई गेली, तेव्हा दहाव्याला गावातल्या गंगेच्या घाटावर मी रडत असताना ती माझ्याशेजारी उभी होती. "रड," ती म्हणाली. "पण नाक पूस. तुझी आई स्वच्छ बाई होती." असं बोलून तिने आपला रुमाल माझ्या हातात कोंबला. तो अजून माझ्याकडे आहे.

तिचा एकुलता मुलगा मंदार कॅनडात. दर रविवारी संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. त्यासाठी ती हातमागाची साडी नेसून, टॅबलेट उशीला टेकवून, बेडरूममध्ये दार लावून बसायची. हॉलमध्ये बोललं की जिन्यात ऐकू जातं, असं तिचं म्हणणं होतं.

गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी तिला हृदयाची झडप बदलायला सांगितली. उशीर करू नका, असंही बजावलं. मावशीने मला एवढंच सांगितलं की मंदार येणार असेल तर करू, नाहीतर नाही. मी थांबेन तुझ्याजवळ, सही मी करेन, असं म्हटल्यावर तिने मला चष्म्यावरून न्याहाळलं.

"सही तू करशील गं. पण शुद्धीवर आल्यावर पहिलं तोंड तुझं बघायचं?"

मग त्याला मेसेज कर, असं मी सुचवलं. तेही तिला मान्य नव्हतं. लिहून विचारलं की तो विचार करून लिहिणार, आणि विचार करून दिलेलं उत्तर तिला नको होतं. मी परस्पर कळवलं तर तो लाजेखातर येईल, म्हणून मलाही बंदी. तिला विचारताना त्याचा चेहरा बघायचा होता.

आणि तेवढंच जमत नव्हतं. हवापाणी, भाज्यांचे भाव, तिकडची थंडी सगळं नीट चालायचं. मध्ये मध्ये चित्र फाटायचं, आवाज घोगरा व्हायचा, पण चालायचं. ती घसा साफ करून "मंदार, एक विचारायचं होतं" म्हणाली की चित्र थिजायचं. मग त्याचा आवाज यायचा, "आई, तुझं नेट जातंय," आणि कॉल बंद. असं बरेच रविवार झालं. मावशीने सगळा दोष नेटला दिला आणि नेट पुरवणाऱ्या सोनवणेंना फैलावर घेतलं.

सोनवणे सिन्नरकडचे, पन्नाशीचे, सोशिक गृहस्थ. ते यायचे, दिवे बघायचे, राऊटर बंद करून चालू करायचे आणि चहा पिऊन जायचे. "तुम्ही आलात की चहा होतो, नेट होत नाही," मावशी त्यांना तोंडावर सांगायची. शेवटी एका रविवारी सकाळी तिने त्यांना बोलावलं आणि दुरुस्त झाल्याशिवाय दार उघडणार नाही म्हणून कडी लावली. साक्षीला मी होतेच.

राऊटर हॉलमधल्या शोकेसमध्ये होता. पुढे काच, आजूबाजूला पितळेची भांडी, मागे भिंत आणि भिंतीच्या पलीकडे बेडरूममधलं लोखंडी कपाट. सोनवणेंनी झग्याला बोट लावलं.

"मॅडम, याला स्वेटर घातलंय तुम्ही. तापून बंद पडणार नाय तर काय?"

"तुमच्या डोक्याला काही घातलेलं नाही. ते तरी कुठे चालतंय?"

सोनवणे हसले. पण त्यांनी या वेळी नेटाने काम केलं. झगा उतरवला. राऊटर शोकेसमधून काढून मधल्या पॅसेजमध्ये, बेडरूमच्या दारावर उंच फळीवर ठेवला आणि वायर भिंतीच्या कडेने तिथवर नेली. लोखंडी कपाट आम्ही तिघांनी रिकामं करून दुसऱ्या भिंतीला सरकवलं. शेजाऱ्यांच्या राऊटरशी टक्कर होऊ नये म्हणून त्यांनी चॅनलही बदललं. मग मावशीने मला टॅबलेट घेऊन घरभर फिरवलं, अगदी मोरीतसुद्धा. एक कीर्तन लावलं होतं. बुवा कुठेच अडखळले नाहीत.

मावशीने सोनवणेंना बेसनाचे दोन लाडू दिले. पहिल्यांदाच काहीतरी करून चाललात, असं म्हणाली. तिचा चेहरा मी त्याआधी इतका मोकळा पाहिला नव्हता.

संध्याकाळी कॉल आला तेव्हा तिने मला थांबवून घेतलं. मी पलंगाच्या कडेला, कॅमेऱ्यात येणार नाही अशी बसले. चित्र इतकं स्वच्छ होतं की मंदारच्या दाढीतले पांढरे केस मोजता आले असते. त्याच्या मागे मोठी खिडकी होती आणि बाहेर बर्फ पडत होता. मावशीने आज थंडीची चौकशी केली नाही.

"मंदार, माझ्या छातीचं ऑपरेशन करायचं म्हणतायत. तू येशील का?"

मंदार थिजला. तोंड किंचित उघडं, डोळे समोर, एक हात हनुवटीपाशी. पापणी हलत नव्हती.

मागे खिडकीबाहेर बर्फ पडत होता. सावकाश, नीट, एकेक पुंजका खाली येत होता.

मावशी बघत राहिली. मीही. बराच वेळ गेला आणि बर्फ पडतच होता. मग ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "नेट गेलं वाटतं. ठेवते हं," आणि तिने स्वतःच कॉल बंद केला.

टॅबलेटला त्याचं कव्हर चढवून झाल्यावर ती बोलली. "वर्गात प्रश्न टाकला की काही पोरी अशा बसायच्या. हललं नाही की बाईंना आपण दिसत नाही, असं वाटायचं त्यांना. एकीलाही सोडलं नाही मी." मग म्हणाली, "याच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात याला झाडाचं काम दिलं होतं. तेव्हा सारखा हलत होता. सुधारला म्हणायचा."

दुसऱ्या दिवशी तिने इमारतीच्या वॉचमनकडून राऊटर खाली काढून शोकेसमध्ये ठेवून घेतला, वायरसकट. कपाट जुन्या जागी गेलं, पितळेची भांडी पुढे आली. मी ग्रंथालयातून आले तेव्हा ती झग्याच्या काजांतून अँटेना ओवत होती. हे काय चाललंय, म्हणून मी विचारलं.

"दर रविवारी त्याने श्वास धरून बसायचं म्हणजे त्रास. नेटलाच जाऊ दे."

पुढचे रविवार चित्र खरोखरच फाटत राहिलं. मंदार म्हणायचा, आई, तुझं नेट. ती म्हणायची, हो रे, आमचं असलंच. तो प्रश्न तिने पुन्हा विचारला नाही. ऑपरेशन झालं नाही. मार्चमध्ये एका सकाळी मखमलाबादची भाजीवाली तिचं दार वाजवून थकली आणि तिने मला फोन केला. अमरधामला चितेपाशी मी उभी राहिले. मंदार तिसऱ्या दिवशी पोहोचला.

तेरावं होईपर्यंत तो त्या फ्लॅटमध्ये राहिला. त्याला तिथून ऑफिसचं काम करायचं होतं आणि नेट सारखं जात होतं. तो वैतागला. मी गेले तेव्हा त्याने शोकेस उघडून झगा ओढून काढला होता आणि राऊटर पॅसेजमधल्या त्या रिकाम्या फळीवर ठेवला होता. लॅपटॉपवर सगळं सुरळीत चालू होतं. तो हॉलमध्ये खुर्चीवर बसला होता, झगा हातात घेऊन.

"बघ ना ताई," तो म्हणाला, "हे झाकून ठेवलं होतं. म्हणून आमचं धड बोलणं व्हायचं नाही. तिला काहीतरी विचारायचं असायचं आणि राहूनच जायचं. काय असेल गं?"

"ऑपरेशनला येशील का, असं विचारलं होतं तिने," मी म्हटलं. "बर्फ पडत होता त्या दिवशी."

मंदार माझ्याकडे बघत राहिला. तोंड किंचित उघडं, झगा धरलेला हात तसाच अधांतरी. पापणी हलली नाही. त्याच्या मागे खिडकीचा पडदा वाऱ्याने आत येत होता आणि पुन्हा बाहेर जात होता.