सहकार्याचा नकाशा

आमच्या विभागातल्या पडद्यावर संशोधकांच्या सहकार्याचा नकाशा झळकत होता: प्रत्येक संशोधक एक ठिपका, आणि मिळून निबंध लिहिणाऱ्यांना जोडणारी रेषा. मधोमध विभागप्रमुखांचा भला मोठा ठिपका, कारण इथे प्रत्येक शोधनिबंधावर त्यांचं नाव घालायची रीतच आहे. ओढ्यातल्या खेकड्यांवर काम करणाऱ्या सुनीताताईंचा ठिपका कडेला, एकटाच.

"ताई, या निबंधावर सरांचं नाव घाला. नाहीतर तुमची बढती अडेल," मी म्हटलं.

"ते ओढ्यात उतरले होते का?"

"सर पावसात गाडीतूनही उतरत नाहीत."

"मग त्यांचं नाव छत्रीवर घालू."

आम्ही दोघी हसलो. फुकट जोडलेल्या शंभर रेषांपेक्षा एक खरी रेषा लांब पोहोचते, हे मी कुठल्याही समितीपुढे सांगेन.

ताईंनी निबंध धाडला. त्यावर नावं दोनच होती: त्यांचं, आणि त्यांच्यासोबत कंबरभर पाण्यात उभ्या राहिलेल्या, ओढ्याकाठच्या गावातल्या रखमाचं.