अव्वानं बांधलेला दोरा

त्या सकाळी महादेवाकडे माझं एकच मागणं होतं, मी पोचेपर्यंत अव्वाचा श्वास राहू दे. आमच्या घरात आईला अव्वा म्हणतात. अक्कलकोटकडच्या आमच्या गावाहून थोरल्या बहिणीचा, अक्काचा, फोन आला होता, लवकर ये म्हणून. मी नोकरीसाठी करकंबला राहतो. मोटारसायकल काढली आणि सुसाट निघालो. डोळ्यांतल्या पाण्यानं रस्ता धड दिसत नव्हता. देवावर फारसा विश्वास उरला नव्हता, पण अशा वेळी माणूस मागतोच.

करकंब मागं पडलं आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकून बंद पडली. न्यूट्रलला आल्याशिवाय ती चालूच होत नाही. गिअरचा दांडा खाली गेला तो वर येईच ना. क्लच दाबून गाडी मागंपुढं ढकलली, क्लचची वायर ताणून बघितली, शेवटी दांड्याला लाथा घातल्या. काही उपयोग झाला नाही. अक्काला फोनवर तसं सांगितलं आणि रस्त्याच्या कडेला बसून देवाला नको नको ते बोललो.

तिथं वडापच्या जीपची वाट बघत एक बाई झेंडूचे हार ओवत बसल्या होत्या. त्या उठून आल्या.

“दादा, लई नेट लावू नगा. हितं कायतरी गुतलंय की.”

दांड्याच्या मुळाशी ऑइल आणि धुळीनं काळा झालेला गोळा होता. मला तो गाडीचाच भाग वाटला होता. बाईंनी केसातला आकडा काढून तो उकरला, तसा आतून दोरा निघू लागला.

“हाराचा दोरा हाय ह्यो. कुणी बांदला व्हता?”

तेव्हा आठवलं. खंडेनवमीला अव्वा माझ्याकडे होती. गाडीच्या हँडलला हार घालून झाल्यावर तिनं खाली वाकून गिअरच्या दांड्यालाही फुलांची माळ बांधली. “रोज पाय देतोस त्याला, आज हात जोड,” म्हणाली. पूजेचा दोरा आमच्यात तोडत नाहीत, आपोआप गळू देतात. फुलं गळाली आणि दोरा सांध्यात गुंडाळत गेला.

“आईनं,” मी म्हणालो.

“मग टाकू नगा,” म्हणत त्यांनी दोरा माझ्या हातात ठेवला. दांडा मोकळा झाला होता. मी त्यांचं नावही विचारलं नाही.

पोचलो तेव्हा अव्वा नुकतीच गेली होती. मी तिच्या पायांवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडलो. अक्का म्हणाली, “तू गाडी जोरात हाणत येशील म्हणून लई घाबरली होती रे. सारखी दाराकडे बघायची. गाडी अडकलीय म्हणून सांगितलं, तशी निवांत झाली. ‘निधान बरली’ म्हणाली. मग काय बोलली न्हाय.”

निधान बरली, म्हणजे आमच्या घरच्या कानडीत, सावकाश येऊ दे.

आमच्यात माणसाला बसवून पुरतात. तिला समाधीत बसवलं, हातावर तिचं रोजच्या पूजेतलं इष्टलिंग ठेवलं, बेल वाहिला. तो दोरा मी तिच्या पायांशी ठेवला. दोरा नसता तर कदाचित भेट झाली असती. कदाचित घरच्यांना त्या दिवशी दोघांना मूठमाती द्यावी लागली असती. मला ते कळत नाही आणि आता मी विचारतही नाही. महादेवानं त्या दिवशी माझं ऐकलं नाही, तिचं ऐकलं. तेवढ्यासाठी मी त्याचा ऋणी आहे.

आता गाडी काढताना आधी वाकून त्या दांड्याला हात लावतो, मगच पाय ठेवतो.