घटात उगवलेले मूग

देवीच्या घटाभोवतीचं धान्य पाण्यात बुडवून मारणारा माणूस अख्ख्या देवासात एकच झाला, आणि तो मी.

त्या वर्षी आमचं कुटुंब पहिल्या बाळंतपणासाठी धारेस माहेरी गेलेलं. घरात मी आणि माझ्या आत्याबाई. मी देवास संस्थानच्या थोरल्या पातीच्या कचेरीत, म्हणजे थोरल्या महाराजांकडे, कारकून. हात कागदावर नि जीव धारेत. पहिलटकरीण, त्यात अंगानं किरकोळ. काळजीनं माझं अन्न पचेना. वैद्यबुवांनी नाडी बघून सांगितलं, "रोज मूठभर मोड आलेले मूग खा. बत्तीस वेळा चावून." (बाळंत होणार ती, पथ्य मला!) खुंटीला मुगाची ओली पुरचुंडी लटकली. दर तासाला ती सोडून मी मोड बघत असे.

अशात नवरात्र बसलं. आमच्या घरी घटाभोवती काळ्या मातीत नुसता गहू पेरतात. आत्याबाई म्हणाल्या, "दत्तू, यंदा घट डोळ्यांत तेल घालून जप. गहू जसा तरारेल तशी सूनबाई सुखरूप सुटेल. मी रोज पहाटे अनवाणी टेकडीवर देवीला जाणार. मागे पाणी तू घाल. चार थेंब हो!"

चार थेंब! बायकोचा जीव चार थेंबांवर? मनात वाईट आलं की मी एक गडू ओतत असे, आणि मनात वाईट दिवसभर येत असे. चौथ्या दिवशी आत्याबाई टेकडीवर असताना वाकून बघतो तो गव्हाचा चिखल झालेला, आणि त्याला वास सुटलेला. हे मी तिचंच काहीतरी वाईट केलं असं वाटून डोळ्यांतून पाणी आलं. (तेही घटातच पडलं.)

मग जे केलं ते शहाण्या माणसानं करू नये. पुन्हा अंघोळ केली, ओला पंचा नेसलो. घट जागचा हलवायचा नसतो, म्हणून पळीनं त्याच्या भोवतालचा चिखल उपसला, परसातली माती घातली आणि पुरचुंडीतले सगळे मूग तिच्यात खोचले. उगवलं म्हणजे झालं! त्या दिवसापासून आत्याबाईंपुढे मी मूग गिळून गप्प. (खरे गिळायला एकही उरला नव्हता.)

सहाव्या दिवशी त्यांची हाक आली. "दत्तू! अरे धाव! गव्हाला कोंबागणिक दोन-दोन पानं!"

"असं होय?" मी खांबाला धरून म्हणालो.

"असं होय काय? देवीनं कौल दिलाय. जुळं आहे, जुळं!"

दुपारपर्यंत आळीतल्या बायका ओटी घेऊन हजर. दूध घालणारी मावशी वाकून बघत म्हणाली, "माजी, यो तो मूंग हे!"

"देवीच्या दारी गव्हाचा मूग होतो," आत्याबाई कडाडल्या, "तुझ्या दारी पाण्याचं दूध होतं तसाच!"

मावशी गेली. आत्याबाईंनी सुताराला दुसरा पाळणा सांगितला. शेजारणी मला दोन-दोन पेढे देऊ लागल्या. आणि सांगायला लाज वाटते, पण तिसऱ्या पेढ्याला माझाही विश्वास बसला! मूग मीच खोचले खरे, पण ते खोचण्याची बुद्धी कोणी दिली? देवीनंच ना? मी सासऱ्यांना कार्ड टाकलं: 'जुळ्याची तयारी ठेवावी. खात्रीलायक समजते.'

दसऱ्यानंतर उत्तर आलं. 'चि. दत्तोपंतांस आशीर्वाद. आपले कार्ड वाचून मुलगी दोन दिवस रडते आहे, अन्नास शिवत नाही. सुईण म्हणते एकच. आपणास कोणत्या डॉक्टराने सांगितले ते उलट टपाली कळवावे.'

कोणत्या डॉक्टरानं! दिवस भरलेली बाई, आणि तिला मी घाबरवून ठेवलं. उलट टपाली 'माझी चूक, सुईण म्हणते तेच खरे' असं लिहून टाकलं आणि आत्याबाईंच्या पायाशी बसून सगळं ओकलो.

त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण हळूच म्हणाल्या, "म्हणजे गहू उगवलाच नाही?"

"नाही."

"एकही नाही?"

"नाही, आत्याबाई."

त्यांनी पदर तोंडाला लावला. त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. पुढचे चार दिवस आमची चूल नावाला पेटली. त्या देवापुढून उठेनात आणि मी ओटीवरून हलेना.

पाचव्या दिवशी पोस्टमन दिसला. मी अनवाणी रस्त्यात धावलो, कार्ड हिसकावलं, अक्षरं दिसेनात. 'मुलगी झाली. बाळ-बाळंतीण खुशाल.' मी ओरडलो, आत्याबाई बाहेर आल्या, दोघंही रस्त्यात उभ्यानं रडलो. त्यांनी पोस्टमनच्या हातावर साखर ठेवली. तो तोंड गोड करून निघाला, तसा मी डोळे पुसत त्याच्यामागे धावलो.

"क्यों भिया, अब क्या हुआ?"

"जरा झोली ठीक से देखो ना," मी म्हणालो, "दुसरी की चिट्ठी भी होगी!"