कवळीवाल्याची चिलखती गाडी

माझ्या तोंडातली वरची कवळी कवळीवाल्यानेच केलेली आहे, हे आधी सांगून टाकते. नाहीतर पुढचे वाचून कोणी म्हणेल, बाई त्याच्याच दातांनी खाते आणि त्यालाच चावते. कवळी उत्तम आहे. माणूस मला आवडत नाही. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, इथे करणार नाही.

तो जन्मला आणि आई गेली. मावशीने वाढवला. तिच्या पाच मुलांत हा सहावा, त्यामुळे स्वतःच्या ताटापेक्षा शेजारच्या ताटावर नजर ठेवायची सवय लागली ती कायमची. एकोणिसाव्या वर्षी फौजेत गेला आणि चिलखती गाडीवर तोफ चालवायला लागला. त्याच गाडीचा चालक लंबू. सहा फूट दोन इंचांचा मुलगा, गुडघे हनुवटीला लावून खुराड्यातल्या कोंबडीसारखा बसायचा आणि सतत शीळ घालायचा. गाड्या दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात आमचे हे. यांना सगळे मेस्त्री म्हणत. तिघांची दोस्ती एवढी की आमच्या लग्नाच्या फोटोत माझ्या एका बाजूला हे आहेत आणि दुसऱ्या बाजूला, माझ्या सख्ख्या बहिणीला ढकलून, कवळीवाला. तेव्हा तो कवळीवाला नव्हता, नुसता आगाऊ होता.

लग्नाला तीन वर्षे झाली असताना सरावाच्या मैदानावर उभ्या असलेल्या त्या गाडीच्या इंजिनाने पेट घेतला. कवळीवाला वरच्या फिरत्या घुमटातून उडी मारून बाहेर पडला. चालकाच्या डोक्यावर त्याचे वेगळे झाकण असते. ते उघडले नाही. लंबू आतच गेला.

चौकशीत कवळीवाल्याने सांगितले, "झाकणाची खिट्टी अडकली. तो आतून ठोकत होता, मी बाहेरून ओढत होतो." खिट्टी तपासून सही करायचे काम यांचे होते. सही होती. यांना शिक्षा झाली नाही, पण त्या कारखान्यात मान वर करून राहताही आले नाही. उरलेला जन्म यांनी लोकांची शिवणयंत्रे दुरुस्त केली. "खिट्टी मी आदल्या दिवशी स्वतः उघडून बघितली होती," हे वाक्य यांच्या तोंडून किती वेळा ऐकले ते मी मोजलेले नाही, आणि मी बहुतेक गोष्टी मोजते.

लंबूची धाकटी बहीण आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहते. शाळेची प्रयोगशाळा सांभाळते. पावाच्या दुकानात मी दिसले की पाव न घेता निघून जाते. पंचेचाळीस वर्षे हे चालले आहे. हे गेले त्या दिवशी यांना तिच्या घरावरून नेले, तेव्हा तिने खिडकी लावून घेतली. खिट्टीचा आवाज मला खाली रस्त्यावर ऐकू आला.

कवळीवाला मात्र फौज सोडून मामाकडे दात करायला शिकला आणि एका दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यामागच्या खोलीत चाळीस वर्षे बसला. खोलीत मेणाचा वास आणि फळीवर प्लास्टरच्या जबड्यांच्या रांगा. जबड्याखाली पेन्सिलीने माणसाचे नाव लिहायचे, तर हा लिहिणार 'घोरणारे काका', 'खडूस बाई'. खडूस बाई म्हणजे मी. तो जबडा मी स्वतः उलटा करून बघितला आहे. कोणतीही तक्रार घेऊन जा, त्याचे उत्तर ठरलेले: "कुठं लागतं? घासून देतो." निळ्या कागदाची पट्टी दातांत धरायला लावायचा आणि चावा म्हणायचा. जिथे उंचवटा असेल तिथे निळा डाग उठतो. तेवढा घासला की माणूस खूश. बायकोशी पटेना, ती लेकीकडे राहायला गेली, ती आलीच नाही. तिच्याबद्दलही तो म्हणतो, "थोडं घासायला हवं होतं." कोणाला, ते सांगत नाही.

गेल्या वर्षी सात मार्चला सकाळी साडेदहाला तो माझ्या दारात उभा राहिला.

"वहिनी, लंबूची गाडी करतोय. सोळापट लहान. त्याच्या आठवणीसाठी. झाली की त्याच्या बहिणीला देणार."

"मग इकडे कसे?"

"मेस्त्रीनं गाडीचा नकाशा काढला होता. तुमच्या ट्रंकेत असेल."

"आणि गाडीखाली लिहिणार काय?"

त्याने खिशातून पितळेची पट्टी काढली. कोरूनसुद्धा झाली होती. वर लंबूचे पूर्ण नाव, खाली तारीख, आणि त्याखाली: 'झाकणाची खिट्टी अडकल्याने मृत्यू.'

"माझ्या नवऱ्याचं नाव तेवढं कोरायचं राहिलं," मी म्हणाले.

"नाही कोरलं, हे उपकारच समजा."

मी दार लावले. बाहेरून तो ओरडला, "दात-ओठ खाऊ नका वहिनी, कवळीला तडा जाईल!"

चार दिवस मी धुमसत होते. पाचव्या दिवशी ट्रंक उघडली, नकाशा काढला आणि त्याच्या घरी गेले. नकाशा हातात ठेवला, पण सोडला नाही.

"खिट्टी नुसती दाखवायची नको. चालती करा. याच मापानं, तंतोतंत. शंभर वेळा उघडझाप करायची. एकदाही अडकली नाही, तर ती पट्टी वितळवायची."

"आणि अडकली तर?"

"तर मी स्वतः त्या मुलीच्या भिंतीवर ठोकून देईन."

त्याला आपल्या हातांचा भारी गर्व. "माझ्या हातची खिट्टी मेस्त्रीच्या खिट्टीपेक्षा बरी चालेल, ते आधीच सांगतो," म्हणाला. मी नकाशा सोडला.

दर गुरुवारी मी तपासायला जात असे. त्याने कवळ्यांच्याच मसाल्यातून गाडी घडवायला घेतली होती, त्यामुळे आठ-नऊ महिने ती हिरड्यांसारखी गुलाबी होती.

"युद्धाला निघालीय की बारशाला?" मी विचारले.

"रंग शेवटी लागतो. तुमच्या दातांनाही आधी रंग नव्हता."

दात सरळ करायच्या तारेचे बारीक तुकडे करून त्याने खिळ्यांची डोकी केली. चिमट्याने एकेक बसवायचा आणि लंबूची शीळ घालायचा, तीच धून. मी सांगितले, शीळ बंद करा. तो म्हणाला, घर माझे आहे. ते खरेच होते, म्हणून मी त्याच्या खोलीतली खुर्ची खिडकीकडे फिरवून बसले.

नोव्हेंबरच्या एकोणीस तारखेला तो बुटांच्या खोक्यात कापसावर गाडी घेऊन आला. पाय न पुसता आत आला आणि खोके टेबलावर आपटले.

"मेस्त्रीचा नकाशा चुकलाय."

"खिट्टी अडकते?"

"खिट्टीचं नाव काढू नका. तीनशे वेळा फिरवली. लोण्यासारखी चालते. झाकणच उघडत नाही."

मी नखाने झाकण उचलले. छान उघडले.

"असं नाही." त्याने घुमट उजवीकडे फिरवला. तोफेची नळी चालकाच्या झाकणावर आली. आता झाकण दाणाभर उचलायचे आणि नळीला अडायचे. त्याने निळा कागद लावून बघितलाच होता. नळीच्या पोटाला आणि झाकणाच्या कडेला, दोन्हीकडे निळे डाग.

"मूळ गाडीत एवढं अडणं शक्य नाही. नकाशात झाकण जाड निघालंय. अर्धा मिलिमीटर घासलं की काम झालं." त्याने खिशातून कानस काढली.

"थांबा."

मी पट्टी घेतली, नकाशा उलगडला. नळीची उंची मोजली, सोळाने गुणली. झाकणाची जाडी मोजली, गुणली. झाकण वर किती उठते ते मोजले. तिन्ही मापे यांच्या मापांना बरोबर लागत होती. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी आम्हाला भूमिती छड्या मारून शिकवली, ती अशी कामाला आली.

"नकाशा बरोबर आहे. गाडीही बरोबर आहे. मूळ गाडीतही असंच अडत असणार."

"थांबलं की तोफ सरळ ठेवायची, असा नियम होता खरा," तो पुटपुटला. "आम्हाला वाटायचं, कवायतीचा दिखावा."

"त्या दिवशी तोफ कुठं होती?"

"सरळ." फार पटकन म्हणाला.

मी कपाटातून त्या वर्षाची वही काढली. रोज लिहायची सवय मला अकराव्या वर्षापासून आहे. त्या दिवसाचे पान काढून वाचले: "हे सात वाजता परतले. जेवले नाहीत. दुपारी चारला लंबूची गाडी पेटली. लंबू गेला. हे पोहोचले तेव्हा त्याला बाहेर काढून झाले होते. तोफेच्या नळीला कोणाचा तरी शर्ट जळून चिकटला होता, बाह्यांना गाठ मारलेला. आग विझवताना यांच्या हातांना फोड आले. मलम लावले."

"शर्ट कोणाचा?" मी विचारले.

तो गाडीकडे बघत राहिला. "माझा. पिंपातल्या पाण्यात धुतला होता."

"वाळत सावलीत घातला होता का?"

"सावलीत कोण वाळत घालतं, वहिनी?"

"मग ऊन कुठल्या बाजूला होतं?"

त्याने एका बोटाने उजवी बाजू दाखवली. ती लंबूच्या झाकणाची बाजू. मग खुर्चीत बसला. मी बसा म्हटले नव्हते.

"झाकण दाणाभर यायचं आणि अडायचं. मला खिट्टीच वाटली. आईशप्पथ. मग बाकीचे धावत आले, घुमट ढकलून तोफ सरळ केली आणि झाकण उघडलं. त्या धावपळीत कोणाच्या लक्षात राहिलं नाही."

"तुमच्या राहिलं."

त्याने हातातली कानस टेबलावर ठेवली.

"चौकशीच्या आधी की नंतर?"

"आधी," तो म्हणाला. "नंतर सांगून सांगून मलाच खिट्टी खरी वाटायला लागली. नाहीतर नकाशा मागायला आलो असतो का मी?"

हे शेवटच्या आजारात पडून होते तेव्हा हा माणूस रोज येऊन यांच्याशी पत्ते खेळत असे. त्याच तोंडाने. मी त्याला पाणी विचारले नाही. त्याच्यासमोरची कानस उचलली, माझ्या टेबलाच्या खणात टाकली आणि खणाला कुलूप लावले. खोके उचलून तो गेला.

तीन आठवड्यांनी परत आला. गाडीला आता मळकट हिरवा रंग होता. घुमट उजवीकडे फिरवून कायमचा चिकटवून टाकला होता. नळीवर अंगठ्याएवढा शर्ट, बाह्यांना गाठ मारलेला. खालची पट्टी नवी होती. 'तोफ माझ्या शर्टासाठी उन्हाकडे फिरवलेली होती. खिट्टी ठीक होती.' त्याखाली त्याचे नाव.

"कॉलर वाकडी आहे," मी म्हणाले.

"दात करतो मी, कपडे नाही."

"तेव्हा तुमची कॉलर वाकडी होती का?"

"नव्हती."

"मग द्या इकडे."

शर्ट उसवून मी पुन्हा शिवला, सिस्टरांनी शिकवलेल्या टाक्याने. त्याच्यावर दया आली म्हणून नव्हे. त्या मुलीला ते फडके वाटायला नको होते. शिवेपर्यंत तो दाराबाहेर उभा होता.

रविवारी दहा वाजता आम्ही तिच्या दारी गेलो. तिने मला बघून दार अर्धे लोटले. मग खोके बघितले. गाडी तिने दारातल्या स्टुलावर ठेवून घेतली. प्रयोगशाळेत काम केलेला हात, कुठेही धक्का लागू दिला नाही. झाकणाला नख लावले. ते दाणाभर उचलले आणि अडले. तिने पुन्हा लावले. तिसऱ्यांदा लावले. मग पट्टी वाचली.

"दादाला राखी... नाही, राहू दे," असे काहीतरी ती स्वतःशीच म्हणाली. मग कवळीवाल्याला म्हणाली, "तुम्ही जा. पुन्हा या दारात दिसू नका."

तो जिना उतरायला लागला.

"मेस्त्रींनी खरं सांगितलं होतं तर," ती मला म्हणाली.

"हो."

"तुम्हाला हे कसं कळलं?"

मी वहीबद्दल सांगितले. मला वाटले, आता ती आत बोलावील. पंचेचाळीस वर्षे मी त्या एका वाक्याची वाट बघत होते, खोटे कशाला बोलू.

"म्हणजे शर्टाचं तुमच्याकडे लिहिलेलं होतं," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. आणि शर्ट कोणाचा, हे तुम्ही कोणाला विचारलंही नाही?"

तिने गाडी आत नेली आणि दार लावून घेतले.

खाली रस्त्यावर कवळीवाला उभा होता. तो एका कडेने घरी गेला, मी दुसऱ्या कडेने. आता पावाच्या दुकानात ती मला बघून निघून जात नाही. रांगेत माझ्यापुढे उभी राहते, पाव घेते आणि जाते. वरची कवळी हल्ली डाव्या बाजूला टोचते. त्याला मी ते सांगितलेले नाही.