मयतीच्या अंगणातली फायबर

आमच्या मोठ्या बाबांच्या मयतीत मांडव पडला, आणि तो मी पाडला. नातेवाईकांत ही गोष्ट निघाली की लोक एकदा माझ्याकडे बघतात आणि विषय बदलतात. म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकावी.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. किन्हीराजाला घर, थोडं वावर, आणि सगळा जन्म बस चालवण्यात गेलेला. मी जवळच मालेगावला असतो आणि फायबरचं काम करतो. केबल टाकायची, आतल्या केसाएवढ्या काचेच्या तारा जोडायच्या, तुटल्या की कुठे तुटल्या ते शोधायचं. (घरात याला ‘दिनेशचं वायरीचं’ एवढंच म्हणतात.)

मोठ्या बाबांची एकुलती एक लेक सुजाता लंडनला नर्स आहे. तिच्याशी रोज व्हिडिओवर बोलता यावं म्हणून मीच त्यांच्या घरी फायबर आणून दिली होती. खांबावरून केबल हवेतून घरात न्यायची म्हटलं, तर मोठे बाबा म्हणाले, डोक्यावर तार नको, धुणं वाळत घालायची दोरी वाटते. म्हणून ती अंगणात गाडली. पाइपात घालून गाडायची असते. पण घरचं काम होतं, आणि आमच्या धंद्यात घरचं काम सगळ्यात वाईट होतं, हे कोणीही सांगेल.

मे महिन्यातल्या एका सकाळी मोठे बाबा गेले. चहा मागितला आणि चहा येईपर्यंत संपले. मोठाई, म्हणजे त्यांची बायको, कप हातात घेऊन नुसती उभी राहिली होती म्हणे. आम्ही पोचलो तेव्हा कप कोणीतरी काढून घेतला होता, पण तिचा हात तसाच होता.

सुजाताला त्या दिवशी येणं शक्य नव्हतं, आणि वऱ्हाडातल्या उन्हात मयत ठेवणंही शक्य नव्हतं. फोनवर ती रडली नाही. तिनं एवढंच सांगितलं, “दादा, मले बाबाचं तोंड दाखव. मंग न्या.”

त्या घराशी मोबाइलची रेंज बोलण्यापुरतीच यायची. चित्र लगेच गोठायचं. मी म्हटलं, काळजी करू नको, घरात फायबर हाय, अंगणापर्यंत वायफाय येते. आणि मांडवाच्या कामाला लागलो. दुःखात माणसाच्या अंगात भलताच जोर येतो. पहार घेतली आणि मांडवाच्या लाकडी बल्ल्यांचे खड्डे मी एकट्यानं पाडले. कोणालाही हात लावू दिला नाही.

मोठ्या बाबांना पांढऱ्या कपड्यात मांडवाखाली आणून ठेवलं. मी फोन काढला तर नेट नाही. आत जाऊन पाहिलं, मोडेमवर लाल दिवा. लाल दिवा म्हणजे तारेतून प्रकाशच येत नाही.

मी सगळ्यांना सांगितलं, पाचच मिनिटं. (आमच्या धंद्यात ‘पाच मिनिटं’ हे वेळेचं माप नाही, ती एक भावना आहे.) मोडेमकडचं टोक कापून नवं बसवलं. लाल दिवा तसाच. मग पांढऱ्या सदऱ्यात खांबावर चढलो. तिथल्या डब्यात मीटर लावला तर प्रकाश अगदी ठणठणीत. म्हणजे खांबापर्यंत सगळं जिवंत होतं आणि घरी पोचताना कुठेतरी मरत होतं.

आमच्याकडे एक यंत्र असतं. तारेच्या एका टोकाला जोडलं की ते आत प्रकाश सोडतं आणि तार किती अंतरावर तुटली ते मीटरमध्ये सांगतं. त्यानं सांगितलं. मी मोजपट्टी घेतली आणि जिथून केबल गाडली होती तिथून मोजत निघालो. मोजत मोजत मांडवात शिरलो, बायकांच्या मधून गेलो, मोठ्या बाबांच्या उशाशी आलो. गुलाबमामा, म्हणजे मोठाईचे भाऊ, सकाळपासून घाई करत होते. त्यांना वाटलं मी तिरडीचं माप घेतोय. हळूच म्हणाले, “तिरडी झाली बापा बांधून. आता काय मोजून राह्यला?”

मोजपट्टी एका बल्लीच्या बुडाशी येऊन थांबली. मी जरा चिडूनच विचारलं, हा खड्डा कोण्या शहाण्यानं पाडला? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शेवटी माझे वडील म्हणाले, “तूच.”

आता बल्ली काढल्याशिवाय केबल हाती येणार नव्हती, आणि बल्ली काढली तर मांडवाचा तो कोपरा खाली येणार होता. वडील आणि गुलाबमामा म्हणाले, आम्ही बल्ली वर उचलून धरतो, तू उरक. दोघांनी बल्ली उचलली. मी खाली बसून माती उकरली, तुटकी टोकं वर काढली, सोलली, स्पिरिटनं पुसली. स्पिरिटचा वास सुटला तसे वडील वरून खाली वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “आज तरी नको होतं, दिनेश.” मी त्यांना बाटली दाखवली. त्यांना ती पटली नाही.

मधे नवा तुकडा घालून एक जोड झाला. दुसरा, तारा जोडायच्या यंत्रात ठेवला होता. तेवढ्यात समोर कोणीतरी, उशीर फार झाला म्हणून, त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. सगळे उभे राहिले आणि सगळ्यांनी हात जोडले.

वडिलांनीही जोडले. गुलाबमामांनीही जोडले.

मांडव खाली आला. आधी एक कोपरा, मग तो पाहून बाकीचे. बायका कापडाखाली, भांडी कापडाखाली, मोठे बाबा कापडाखाली. आम्ही धावून कापड उचललं. कोणाला फार लागलं नव्हतं. सकाळपासून मोठाईच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. ती घाबरून मोठ्या बाबांकडे सरकली आणि म्हणाली, “त्यायले लागलं त नाई?”

गुलाबमामांनी तोंड फिरवलं. माझ्या आईनं मोठ्या बाबांच्या कपाळावरची धूळ पदरानं पुसली आणि म्हणाली, नाई जी, काहीच नाही लागलं.

मी खाली मान घालून दुसरा जोड पूर्ण केला. काचेचे बारीक तुकडे चिकटपट्टीनं टिपून घेतले, कारण अंगणात सगळे अनवाणी होते. आत जाऊन पाहिलं, दिवा हिरवा. मला रडू आलं. मोठ्या बाबांसाठी आलं की दिव्यासाठी, ते मला अजून सांगता येत नाही.

मांडव परत उभा करायला कोणी तयार नव्हतं. दोन सतरंज्या चौघांनी वर धरल्या आणि त्या सावलीत मी व्हिडिओ कॉल लावला. सुजाता पडद्यावर लख्ख दिसली. इतकं स्वच्छ चित्र मी माझ्या कोणत्याही गिऱ्हाइकाला दिलेलं नाही. फोन हळूच मोठ्या बाबांवर धरला आणि सांगत राहिलो, “पाह्य सुजा, किती शांत हाय तोंड. झोपल्यावानी वाटते. मोठाईनं हार घातला पाह्य.” ती रडत होती, मीही रडत होतो. मधे ती म्हणाली, दादा, जरा फिरव. मी फोन घेऊन पलीकडच्या बाजूला गेलो. ती पुन्हा म्हणाली, फिरव ना. मी पायांकडून पुन्हा उशाशी आलो. मग तिनं डोळे मिटले. नुसती ऐकत राहिली. त्रिशरण, पंचशील झालं आणि आम्ही मोठ्या बाबांना घेऊन निघालो. वाटेत गुलाबमामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, मांडवाचं जाऊ दे, पोरीले बाप दाखवला तू.

सुजाता दिवाळीनंतर आली. मोठाईला घेऊन चार दिवस आमच्याकडे राहिली. एका दुपारी चहा पिताना तिनं आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. म्हणाली, त्या दिवशी कॉल चालू असतानाच फोटो काढून ठेवला होता.

“तू म्हणत व्हता बाबाचं तोंड शांत हाय, आईनं हार घातला. मी डोये मिटून आयकलं, त मले सारं दिसलं,” ती म्हणाली. “डोये उघडले का तू दिसे. पुढचा कॅमेरा चालू व्हता, दादा.”

आपल्या बापाच्या अंत्यदर्शनाचा तिच्याजवळ एकच फोटो आहे. त्यात नाकाला माती लागलेला मी आहे. तोंड उघडं, आणि मुळीच शांत नाही.