डबीवरचा नंबर

आमची पोस्ट बर्फात होती. खालची पोस्ट दोन तास उतारावर, आणि ती दुसऱ्या युनिटची. आम्ही नऊ जण वर. मी नाईक होतो, वायरलेस सेट माझ्या ताब्यात. हुकूम सहा महिन्यांचा होता, राहिलो साडेसात. माझं शिक्षण सहावी नापास. लिहिण्यात काही इकडेतिकडे झालं तर सांभाळून घ्यावं. वेळा मात्र बरोबर आहेत, लॉगबुकात त्या मीच लिहिल्या होत्या.

पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चावर उभं राहणं, सहाला चहा, साडेसहाला रेडिओ चेक, मग बर्फ उपसणे. दुपारी वारा सुटला की सगळे बंकरमध्ये, आणि मेंढीकोट सुरू. पत्त्यांचे हाल व्हायचे. स्टोव्हची काजळी बसायची, ओल धरून पानं एकमेकांना चिकटायची. कागदी खोकी पहिल्याच आठवड्यात फाटली.

मी पत्ते खेळत नाही. आमचं घर बनारसला ब्रह्मा घाटावर, वडील भिक्षुक, घरात पत्त्याला हात लावायचा नाही. पोरं मला पंडितजी म्हणायची. पण पानांचे हाल बघवेनात, म्हणून डब्या करायला घेतल्या. दूध पावडरचा रिकामा डबा कापायचा, पत्रा ठोकून सपाट करायचा, लाकडी ठोकळ्यावर त्याची घडी घालायची. ठोकळा पत्त्यांच्या जोडापेक्षा जरासा मोठा. कडा आत दुमडायच्या, नाहीतर हात कापतो. आत जुन्या कांबळ्याचा तुकडा, सांध्यांवर मेणबत्तीचं मेण, वरून सायकलच्या ट्यूबचा पट्टा. पोस्टवर सायकल कुठली? ट्यूब खालच्या पोस्टवर डाक आणणाऱ्याकडून मागवली होती. खर्च तेवढाच.

नऊ जणांत पत्त्यांचे चार जोड होते, चार डब्या केल्या. कुणाची कुठली यावरून भांडण नको म्हणून झाकणावर खिळ्याने मालकाच्या सर्व्हिस नंबरातले शेवटचे तीन आकडे ठोकले. शिपाई शेलारची डबी चार-एक-सात. शिपाई गुरवकडे जोड नव्हता, म्हणून त्याला डबी नव्हती.

शेलार म्हणाला, "पंडितजी, खेळत नाही तर एवढं मन लावून करता कशाला?"

मी म्हणालो, "तू खेळतोस, तरी मन लावतोस का?"

बंकर हसला. सगळ्यांत जास्त गुरव हसला, कारण सगळ्यांत वाईट तोच खेळायचा.

एके दिवशी सकाळी सव्वाआठला शेलार आणि गुरव डाक आणि केरोसीन आणायला खाली निघाले. दोघे एका दोरावर. नऊ चाळीसला वरचा बर्फाचा कडा सुटला. आवाज आम्ही ऐकला. रस्ता गेला, आम्हाला उतरता येईना. खालच्या पोस्टची पार्टी खोदायला लागली. ते आमच्या पोरांना ओळखत नव्हते.

बारा वीसला सेटवर कॉल आला. "एक बॉडी मिली. डिस्क नहीं. चेहरा पहचान में नहीं. जेब में टिन की डिबिया, उस पर चार-एक-सात. ओव्हर."

त्या थंडीत धातू कातडीला चिकटतो, म्हणून नाव-नंबरची डिस्क कुणी अंगावर ठेवत नसे. ही आमची चूक होती. पोस्ट कमांडर सुभेदार साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, शेलार. त्यांनी विचारलं, "पक्कं?"

"साहेब, माझ्या हातची डबी आहे."

ते म्हणाले, दुसरा सापडेपर्यंत थांबू. मी म्हणालो, थांबायचं कशाला, मी सांगतो ना. बारा पस्तीसला मी शेलारचं नाव बटालियनला दिलं.

तीन पाचला दुसरा सापडला. बेशुद्ध, पण जिवंत. तोंड सुजलेलं, काळं पडलेलं. एक शेलार, तर दुसरा गुरवच. त्याच नावाने हेलिकॉप्टरने त्याला नेलं. संध्याकाळी दोन्ही गावांत फोन गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलमधल्या माणसाने डोळे उघडले आणि स्वतःचं नाव सांगितलं. शेलार.

पोरांचा नियम होता. ज्याच्यावर कोट चढला, म्हणजे जो सपशेल हरला, त्याने आपली डबी पत्त्यांसकट जिंकणाऱ्याला द्यायची, पुढच्या डावापर्यंत. हे सगळ्या बंकरला माहीत होतं. मी खेळत नव्हतो, मला माहीत नव्हतं. आणि नाव पाठवण्याआधी मी कुणाला विचारलं नव्हतं.

सुभेदार साहेबांनी रिपोर्टमध्ये चूक स्वतःवर घेतली. मी त्यांना तसं करू दिलं.

पुढच्या वर्षी गुरवची बायको आणि तिचे सासरे अस्थी घेऊन काशीला आले. मी सुटीवर होतो. उतरले आमच्याकडेच. सकाळसाठी होडी ठरवली होती. घाटावर जायच्या आधी मी वहिनींना सांगितलं की तुमचा माणूस जिवंत आहे असं तुम्हाला चुकीचं कळवलं गेलं ते माझ्यामुळे. साहेबांमुळे नाही. डबी मी केली होती, नाव मी दिलं होतं.

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "भाऊ, मी पेढे वाटले होते. गल्लीत सगळीकडे. नंतर दोन बायका ते परत आणून देऊन गेल्या. अशा घरचा पेढा ठेवायचा की टाकायचा, त्यांना कळेना."

 

मग त्यांनी विचारलं, "शेलारची डबी यांच्या खिशात कशी?"

मी नियम सांगितला. आदल्या दुपारी गुरवने शेलारवर कोट चढवला होता. पोस्टवर आल्यापासून पहिल्यांदा.

"म्हणजे जिंकले होते?"

"होय."

आत सासरे अस्थींची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना ऐकू कमी यायचं. वहिनी दारात गेल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "मामंजी, ते जिंकले होते. आदल्या दिवशी."

म्हाताऱ्याने मान हलवली.

सात वाजता आम्ही होडीत बसलो. शिपाई विलास गुरव, वय सव्वीस. अस्थी मध्यधारेत सोडल्या.