बोर धरणाच्या पाण्यावर

हे लिहावं की नाही, या विचारात बरेच महिने गेले. लिहायला घेतलं की वाटायचं, यात सांगण्यासारखं मोठं ते काय? पण मनातून जातही नव्हतं. म्हणून जसं घडलं तसं लिहितो.

मी वर्ध्याजवळ पिपरी मेघेला राहतो. तंत्रनिकेतनात शिकवत होतो, आता निवृत्त आहे. आमच्या घरात वडिलांपासून रामनाम आहे. सकाळी आंघोळ झाली की अकरा माळा जप, हा नेम मी तरुणपणापासून कधी मोडला नाही. खरं सांगायचं तर मागच्या दोन-तीन वर्षांत तो नुसता नेमच उरला होता. बोटं मणी ओढायची आणि मन विजेचं बिल, नळ, दुरुस्तीला टाकलेली स्कूटर असं कुठंकुठं फिरून यायचं. माळ खुंटीवर टांगताना रोज वाटायचं, आपण इतकी वर्षं बोलतो आहोत, पण तिकडे ऐकणारं कुणी आहे का? ही शंका कुणाला बोलून दाखवायचीही लाज वाटे. एकदा बायकोजवळ बोललो. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ऐकते का नाई ते त्याचं तो पाहीन. तुमी आपलं म्हनत राहा." त्या उत्तरानं माझं समाधान झालं नाही.

माझं दुसरं वेड ग्लायडरचं. कॉलेजात असताना मी ते उडवायला शिकलो आणि ते सुटलं नाही. सेलूच्या पुढे एका माळावर आम्ही चार-पाच हौशी लोकांनी मिळून दोन जणांचं एक जुनं ग्लायडर ठेवलं आहे. त्याला इंजिन नसतं. जमिनीवरचं यंत्र लांब दोरानं ते पतंगासारखं वर ओढतं, मग दोर सुटतो. त्यानंतर उन्हानं तापून वर चढणारी हवा शोधायची आणि तिच्या आधारानं तरंगत राहायचं. तशी हवा सापडली तर तास-दीड तास राहता येतं. नाही सापडली की खाली यायचं.

थंडी सरत आली होती. त्या रविवारी दुपारी माझ्याबरोबर पुलगावचे मोरेश्वरभाऊ होते. रेल्वेत गार्ड म्हणून निवृत्त झालेले, पासष्टीचे, अंगानं भारी, स्वभावानं गरीब. जन्मभर शेवटच्या डब्यात बसून रूळ मागे पळताना पाहिले, एकदा वरून पाहायचे आहेत, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांच्या पत्नी लीलाताई माळावर बाभळीखाली बसून होत्या. निघताना मला म्हणाल्या, "सर, यायले सांभाळून आनजा." मी हसून मान डोलावली.

वर हवा छान होती. हिंगणी गाव खाली सरकलं, आणि दूर टेकड्यांमागे बोर धरणाचं पाणी चमकलं. पुढच्या आसनावरून मोरेश्वरभाऊंनी विचारलं, "सर, थे धरन जवळून पाहाले भेटन का?" धरणाभोवती दाट सागाचं जंगल आहे. परत शेतांपर्यंत येता येईल एवढी उंची हाताशी असल्याशिवाय जंगलावर जायचं नाही, हे मी स्वतः शिकवत आलो आहे. उंची बेताचीच होती. पण त्यांचा आनंद पाहून मी मनाशी म्हटलं, अजून एक वर चढणारी हवा मिळेलच. चूक माझी होती आणि ती सर्वस्वी माझीच होती.

आम्ही टेकडी ओलांडली आणि सूर्यावर पांढरट ढगाचा पातळ पडदा आला. ऊन गेलं तशी हवाही मेली. मी वळलो, इकडे शोधलं, तिकडे शोधलं. ग्लायडर मुकाट्यानं खाली उतरत राहिलं. बघता बघता टेकडीची धार आमच्या पातळीला आली, मग वर गेली. शेतं तिच्या पलीकडे राहिली. आता खाली फक्त साग होते आणि पाणी होतं.

"मोरेश्वरभाऊ," मी म्हणालो, "आपल्याला पाण्यात उतरावं लागेल."

त्यांनी खाली पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मले पोहता येत नाई, सर."

"पट्टे घट्ट आवळून घ्या. पाणी डोक्यावरून जाईल, पण आपण परत वर येऊ. मी सांगेपर्यंत पट्टा सोडायचा नाही. तेवढा वेळ श्वास धरून ठेवा."

"बरं," ते म्हणाले. त्या एका शब्दात त्यांनी स्वतःला माझ्या हाती दिलं, आणि ते ओझं मला अजूनही आठवतं.

पाण्यात उतरताना काय करायचं, ते मी वाचलेलं होतं, केलं कधीच नव्हतं. चाक बाहेर काढलं, कारण ते आत असलं तर नाक जास्त खोल जातं. काठ जवळ राहील अशा बेतानं त्याला समांतर दिशा धरली, वेग कमी केला. पण एका गोष्टीचा मी विचारच केला नव्हता. वारा पडला होता आणि पाणी आरशासारखं झालं होतं. वरचं पांढरं आकाश आणि पाण्यातलं पांढरं आकाश एकच दिसत होतं. पाणी पन्नास फुटांवर आहे की पाच फुटांवर, काहीही कळेना. नाक लवकर उचललं असतं तर ग्लायडर दगडासारखं खाली पडलं असतं, उशिरा उचललं असतं तर भरवेगात पाण्यात घुसलं असतं. डोळे उघडे असून मी आंधळा झालो होतो.

त्या वेळी मी जप केला असं म्हणता येणार नाही. माळ आठवली नाही, मंत्रही आठवला नाही. हात ग्लायडर वळवायच्या दांड्यावर होते, पाय पेडलवर होते. मनात फक्त एवढंच आलं, "माझं सगळं करून झालं. आता तू पाहा." हे कुणाला म्हणतोय, असाही प्रश्न पडला नाही.

आणि पुढे, थोडं डावीकडे, पाण्यावर एक वलय उठलं. त्यापाठोपाठ दुसरं, मग तिसरं. एका डोंग्यात एक माणूस आमच्याकडे पाठ करून उभा होता आणि वल्ह्यानं पाणी झोडपत होता. ती वलयं पसरत आमच्या वाटेवर आली आणि जिथं काहीच नव्हतं तिथं मला पाणी दिसलं. अगदी जवळ होतं. मी हलकेच नाक उचललं.

टेकलो तेव्हा मोठा धक्का बसला. मग सगळं हिरवं आणि काळोखं झालं, कानात पाणी, छातीवर पट्टे रुतलेले. किती वेळ गेला सांगता येत नाही, पण फार नसावा. मग उजेड आला. पंखांनी आम्हाला वर उचललं होतं. काचेचं झाकण ढकललं. आत पाणी छातीपर्यंत आलं होतं. मोरेश्वरभाऊ खोकले आणि म्हणाले, "सर, झालं का?"

तोवर डोंगा आला होता. "हलू नोका," तो माणूस शांतपणे म्हणाला. "एकेक जन या. पयले भारी मानूस." त्यानं आम्हाला काठावर आणलं, स्वतःचा दुपट्टा मोरेश्वरभाऊंच्या खांद्यावर टाकला आणि आपल्या फोनवरून माळावर फोन लावून दिला. त्याचं नाव शालिक.

लीलाताईंना आमच्या सोबत्यांनी जीपनं आणलं. त्या मला काय बोलतील याची मी वाट पाहत होतो. त्यांनी पदरानं नवऱ्याचं डोकं पुसलं, त्याचे दोन्ही हात चाचपून पाहिले. मग थैलीतला टॉवेल काढून माझ्यापुढे धरला. "तुमी बी डोकं पुसा, सर. थंडी भरन." एवढंच. तिथं मला रडू आवरलं नाही.

सोबत्यांपुढे मी माझी चूक कबूल केली आणि दुसऱ्याला घेऊन उडणं बंद केलं. आठवड्यानं शालिकभाऊंच्या गावी गेलो. त्यांनी अंगणात खाट टाकली. मी विचारलं, "आम्ही उतरताना पाहूनच तुम्ही पाणी हलवलं ना?"

ते हसले. "नाई जी. मले तं तुमी दिसलेच नाई. मी मासे जाळ्याकडं हाकलून राह्यलो होतो."

"रोज त्या वेळी जाता?"

"त्या टायमाले कायले जातो? आमी सांजेले जाळं टाकतो अन् सकाळी काढतो. त्या दिवशी आर्वीले राहनारी बहीन आलती, न सांगता. तिले मासे लय आवडते. म्हनून गेलतो." मग म्हणाले, "मी तुमच्यासाठी काईच केलं नाई, साहेब. उलटे मासे पयाले तुमच्यानं. बहीन वांग्याच्या भाजीसंगं जेवली."

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर ते गडबडून मागे सरले.

त्यांनी आम्हाला पाहून पाणी हलवलं असतं तर गोष्ट सोपी होती. त्यांचे आभार मानून मी मोकळा झालो असतो. पण त्यांची पाठ होती. जे आमच्यापर्यंत पोचलं ते ज्याच्या हातून आलं, त्यालाही ठाऊक नव्हतं. कुणी याला योगायोग म्हणेल. मी आयुष्यभर शास्त्र शिकवलं आहे, मी त्याच्याशी वाद घालणार नाही. मला एवढंच उमगलं की शरण जाताना दांडा सोडायचा नसतो. चाक, पट्टे, वेग, दिशा हे माझं होतं आणि ते मला करावंच लागलं. पाणी कुठं सुरू होतं, हे मात्र मला दाखवलं गेलं.

शालिकभाऊंच्या बहिणीला मी अजून भेटलेलो नाही. तिचं नावही विचारायचं राहिलं. एका दुपारी तिला भावाकडे जावंसं वाटलं, मासे खावेसे वाटले, आणि म्हणून पुलगावला एका घरात आज दोन ताटं वाढली जातात. हे तिला ठाऊक नसेल. रोज सकाळी मी तिलाही नमस्कार करतो.